दाजींच्या बंदुका

आमच्या दाजींना मी 'अहो' म्हणतो ते केवळ ते थोरल्या बहिणीचे यजमान आहेत म्हणून. माणसाची लायकी बघून हाक मारायची पद्धत आपल्याकडे असती, तर मी त्यांना काय म्हटलं असतं ते इथं लिहिता येणार नाही. त्यांचं नाव दयानंद, राहणार माण. बहिणीचं नाव आशालता, मी तिला अक्का म्हणतो. मी मुठा गावच्या शाळेत मास्तर आहे. दाजींच्या मते मास्तरकी हा काही धंदा नव्हे, आणि माझ्या मते दाजी हा काही माणूस नव्हे. त्यामुळं आमचं बरं जमतं.

माणमध्ये पूर्वी भाताची खाचरं होती. आता काचेच्या इमारती आहेत, आणि त्या इमारतींत काम करणारी पोरं-पोरी गावात खोल्या घेऊन राहतात. दाजींची निम्मी जमीन आयटी पार्कमध्ये गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी मजल्यावर मजले चढवले आणि खोल्या भाड्यानं लावल्या. याला ते आपलं कर्तृत्व म्हणतात. जमीन वडलांनी राखली, कंपन्या सरकारनं आणल्या, इमारत ठेकेदारानं बांधली आणि भाडं भाडेकरू आपणहून मोबाइलवर पाठवतात. दाजी सकाळी आंघोळ करून पांढरे कपडे घालतात, खाली फाटकाशी खुर्ची टाकून बसतात, दुपारी जेवून झोपतात. एवढं दमल्यावर माणसाला एखादा छंद हवाच.

गावात प्रत्येकानं आपापला छंद निवडला होता. कुणी शर्यतीचे बैल पाळले, कुणी छत उघडणारी गाडी घेतली, एकानं अंगणात सिमेंटचा धबधबा केला. दाजींना काय करावं सुचेना. मग एका लग्नात पुण्याच्या कुणी पाहुण्यानं सहज विचारलं, "तुमचे पूर्वज काय करत?" दाजींनी मान ताठ करून सांगितलं, "किल्लेदार व्हते." पूर्वज किल्लेदार होते हे दाजींना स्वतःलाही त्याच क्षणी कळलं. त्यांचे आजोबा लोकांच्या म्हशी वळायचे हे सगळ्या गावाला माहीत होतं, पण पाहुणा पुण्याचा होता. तो "वा!" म्हणाला, आणि त्या एका 'वा'नं आमच्या घराचा सत्यानाश केला.

किल्लेदार म्हटल्यावर हत्यारं पाहिजेत. तलवारी तर आता सलूनमध्येसुद्धा भिंतीवर लावलेल्या असतात, म्हणून दाजींनी बंदुका धरल्या. वातीनं पेटवायची तोड्याची एक, नळीत दारू ठासून भरायच्या ठासणीच्या तीन आणि एक आखूड पिस्तूल. दिवाणखान्यात काचेचं कपाट केलं, आत दिवे लावले, वर कोरीव अक्षरांत 'वंशपरंपरागत शस्त्रागार' अशी पाटी लावली. प्रत्येक बंदुकीला गोष्ट होती. एका ठासणीच्या बंदुकीवर विलायतेतल्या कारखान्याचा ठसा होता. ती पणजोबांनी गोऱ्या साहेबाच्या हातातून हिसकावून घेतली, असं दाजी सांगत. ती त्यांनी बार्शीकडच्या एका कुटुंबाकडून रीतसर कागद करून विकत घेतली होती, आणि तो व्यवहार ठरवायला गाडीत मी शेजारी बसलो होतो. माझ्यासमोरही ते हीच गोष्ट सांगत, आणि सांगताना माझ्याकडे बघत. अशा वेळी मी चहा पीत असे.

आता परवान्याचं. पौडच्या एका वकिलानं त्यांना सांगितलं होतं, की मोडक्या, दुरुस्त करूनही न उडणाऱ्या जुन्या बंदुकांना कायद्यात सवलत आहे, तशा असतील तर फार कटकट नाही. दाजींना ते इतकं लागलं, की ते वकिलाच्या टेबलावरचा चहा तसाच ठेवून उठले. "उडत न्हाईत म्हंजे? आमच्या बंदुका काय शोकेसातल्या बाव्हल्या हायेत व्हय?" त्यांनी त्या आणून शोकेसातच ठेवल्या होत्या, पण ते असो. त्यांना सवलत नको होती, परवाना हवा होता. जुन्या शस्त्रांचा संग्राहक, असं सरकारी शिक्क्याखाली लिहिलेलं हवं होतं.

पण दाजींच्या नावावर पोलिसांत एक प्रकरण होतं. बांधाच्या भांडणात मोजणीला आलेल्या सरकारी माणसाच्या डोक्यात त्यांनी त्याचीच साखळी घातली होती. किल्लेदाराच्या वंशजानं केलेली एवढी एकच लढाई, आणि तीही बसलेल्या माणसाशी. अशा माणसाला शस्त्राचा परवाना कोण देणार? मग दाजींनी आमच्याकडची नेहमीची सोय वापरली. जिथं आपलं नाव चालत नाही तिथं बायकोचं घालायचं. जमीन असते, गॅसची एजन्सी असते, महिलांसाठी राखीव झालेलं सरपंचपद असतं, तसा हा परवाना. अक्का भाकऱ्या करत होती. दाजींनी कागद पुढं धरला आणि म्हणाले, "हितं कर." तिनं पिठाचे हात पुसले आणि सही केली.

अक्का अंगणवाडी सेविका आहे. काचेच्या इमारती यायच्या आधीपासून ती अंगणवाडी चालवते. तेव्हा तिच्याकडं गावची पोरं यायची, आता बांधकामावरच्या मजुरांची येतात. त्यांना मराठी येत नाही, अक्काला हिंदी धड येत नाही, तरी ती त्यांना गाणी शिकवते आणि ती पोरं दुपारी तिचा पदर सोडत नाहीत. दाजींना या कामाची लाज वाटते. "आपला वॉचमन तुज्यापक्षा जास्त मिळवतो," असं ते चारचौघांत म्हणतात. पण अक्कानं तिथंच राहून परीक्षा दिली होती आणि मुख्यसेविकेच्या बढतीच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. आदेश यायचा बाकी होता. तिच्या आयुष्यात तिच्या नावावर आणि तिनंच मिळवलेली अशी ही एकच गोष्ट. बाकी तिच्या नावावर जे काही होतं ते सगळं दाजींचं होतं.

परवाना मिळाला तशी नोंदवही आली, आणि ती लिहायला मी आलो, कारण दाजींचं अक्षर दाजींनाच लागत नाही. संग्राहकाचं काम फार सोपं असतं, फक्त ते काम करावं लागतं. प्रत्येक हत्यार कोणत्या प्रकारचं, नळी किती लांब, कारखान्याचा ठसा कोणता, लोखंडावर क्रमांक काय कोरलाय, कुणाकडून घेतलं आणि कधी, हे सगळं वहीत. हत्यार कुलपात ठेवायचं, दारू-गोळी जवळ बाळगायची नाही, ठाण्याला कळवल्याशिवाय कुणाच्या हातात द्यायचं नाही, दुरुस्तीलासुद्धा परवाना असलेल्या कारागिराकडेच. आणि अधिकारी तपासणीला येतील तेव्हा वही आणि हत्यार दोन्ही समोर ठेवायचं. 'कुणाकडून घेतली' या रकान्यात दाजी मला 'पणजोबांकडून' लिही म्हणाले. मी 'बार्शी' लिहिलं. ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, तो आठवडा फार छान गेला.

पहिल्या तपासणीला दाजी फेटा बांधून बसले होते. त्या वेळी आलेले फौजदार वयस्कर होते. त्यांनी बूट बाहेर काढले, टेप काढली, नळी मोजली, भिंग लावून ठसा बघितला. दाजींनी गोऱ्या साहेबाची गोष्ट सुरू केली. साहेब घोड्यावरून खाली पडेपर्यंत फौजदारांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नंबर वाचा." मी वहीतला नंबर वाचला, त्यांनी लोखंडावरचा वाचला, दोन्ही जुळले. पाचही बंदुकांचं असंच झालं. तपासणीत इतिहास कुणी विचारत नाही, लोखंडावर काय आहे आणि वहीत काय आहे एवढंच बघतात, हे दाजींना तेव्हा कळायला हवं होतं. त्यांना एवढंच कळलं की फौजदार अडाणी होता.

निवडणूक आली तेव्हा तर त्यांनी कहर केला. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. लोक पिशवीत गुंडाळून, मान खाली घालून नेऊन देतात आणि पावती घेऊन येतात. दाजींनी उघडी जीप काढली, पुढं हलगीवाला बसवला आणि बंदुका मांडीवर घेऊन गावातून मिरवत गेले. ठाण्यात हलगीवाल्याला बाहेरच थांबवलं आणि पावती दिली ती 'श्रीमती आशालता' अशा नावाची. ती पावती दाजींनी घडी करून पार आतल्या खिशात घातली. येताना हलगी वाजली नाही.

आणि मग गेल्या दसऱ्याला जे व्हायचं ते झालं.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा होते. शेतकरी विळे-कोयते मांडतो, सुतार रंधा मांडतो. दाजींच्या शेजाऱ्यानं नवा जेसीबी घेतला होता, तो धुऊन पुसून असा उभा केला होता की त्यात तोंड दिसावं. बघायला आलेली माणसं तिथून दाजींच्या दिवाणखान्यात येत आणि कपाटाकडं बघून गप्प बसत. त्याच्या आदल्या वर्षी एक म्हातारी तर म्हणाली होती, "आरं, ह्ये भंगार आजून दिलं न्हाईस व्हय?" जुनं लोखंड काळंच असतं, ठसे त्या काळ्यातच असतात, संग्राहक त्या काळेपणालाच किंमत देतो. हे सगळं दाजींना ठाऊक असायला ते संग्राहक असायला हवे होते.

म्हणून या खेपेला त्यांनी आधीच बेत केला. अक्का अंगणवाडीत असताना कपाट उघडलं, पाचही बंदुका गोधडीत गुंडाळल्या आणि गाडीत घालून उरवड्याला नेल्या. उरवड्याला गनीची शेड आहे. कारखान्यांचे सुटे भाग बफिंग करून, त्यावर निकेल चढवून देणं हा त्याचा धंदा. गनी आणि दाजी पौडच्या शाळेत एका बाकावर होते. गनी पास व्हायचा. बंदुका बघून तो दचकला. दाजी म्हणाले, "आरं, गावच्या नाटकाच्या हायेत. चकाकल्या पायजेत, लांबनं दिसत्यात." दोस्ताचा शब्द म्हणून गनीनं काम घेतलं आणि मन लावून केलं. तेजाबात बुडवून काळं काढलं, चाकावर धरून खाचाखोचा सपाट केल्या आणि वर निकेल चढवलं.

मी खंडेनवमीला माणला गेलो. दिवाणखान्याच्या दारात पाऊल टाकलं आणि डोळे दिपले. कपाटात पाच बंदुका नव्या कोऱ्या बाथरूमच्या नळांसारख्या चमकत होत्या. त्यांवर हळद-कुंकू, झेंडूच्या माळा. दाजी कमरेवर हात ठेवून उभे.

"काय पाव्हणं? कशा वाटत्यात?"

मी जवळ गेलो. विलायती बंदूक हातात घेतली, उजेडात फिरवली, बोट फिरवून बघितलं. गुळगुळीत.

"दाजी, ठसा कुठाय?"

"कसला ठसा?"

"कारखान्याचा. आणि नंबर?"

"ती व्हय? घान व्हती ती. निघाली समदी."

शंभर-दीडशे वर्षं कुणाकुणाच्या घरात, कुठल्या कुठल्या पावसाळ्यांत टिकलेले ते ठसे या माणसानं एका दिवसात घालवले आणि वर त्यांना घाण म्हणाला. मला इतका राग आला की हातातली बंदूक खाली ठेवून दिली, कारण ती उडते असा दाजींचा दावा होता.

मी त्यांना समजावून सांगितलं. हत्यारावरचा ठसा किंवा क्रमांक काढून टाकणं हा साधासुधा नियमभंग नाही, गुन्हा आहे. बिगरपरवाना माणसाच्या हातात हत्यार दिलं ती गोष्ट वेगळीच. तपासणीचं पत्र कधीही येईल. वहीत पाच नंबर आहेत आणि बंदुकांवर एकही नाही. मी एखादं अवघड गणित घातल्यासारखं दाजी माझ्याकडं बघत राहिले. अक्का आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"कुणाच्या नावावर यील रं हे?" तिनं विचारलं.

"तुझ्या," मी म्हणालो.

"बढतीचं?"

"गुन्हा दाखल झाला तर बढती विसर. आहे ती नोकरीसुद्धा जाईल."

तिनं ताट खाली ठेवलं. दाजींनी ते उचललं, आरती म्हटली आणि सगळ्यांना प्रसाद वाटला. त्यांच्यावर काही येणार नव्हतं ना.

नंतर मात्र त्यांनी डोकं चालवलं, म्हणजे काय करणार ते बघा. पहिला उपाय : "गनीकडं नंबर ठोकायचे पंच हायेत. वहीत बघून ठोकून घिऊ की." मी सांगितलं, हा दुसरा गुन्हा. दुसरा उपाय : "मग वहीत बदल कर. निकेलच्या, बिननंबरी, असं लिव्ह. वही तर तुज्याच हातात हाय." मी नाही म्हटलं. "शिकल्याली मान्सं अशीच. येळेला कुनी कामाला येत न्हाई," असं म्हणून ते झोपायला गेले. अक्का म्हणाली, आपणच आधी परवाना शाखेला कळवू. त्यावर ते झोपेतून उठून आले. "खबरदार! तपासनी माझी मी बघून घेतो. फेटा बांधला की निम्मं काम व्हतंय." अक्कानं लग्न झाल्यापासून ऐकूनच घेतलंय. ऐकून घेणाऱ्या माणसाला काही म्हणायचं नसतं, असं दाजींना वाटतं.

दिवाळीनंतर पत्र आलं. तपासणीच्या दिवशी मी शाळेतून रजा काढून गेलो. सकाळची वेळ, भाडेकरूंतली घरूनच काम करणारी पोरं जिन्यात लॅपटॉप घेऊन उभी. एका साध्या जीपमधून महिला फौजदार उतरल्या, सोबत एक हवालदार. छातीवर पाटी, प्रियदर्शिनी ओव्हाळ. दाजींनी पुढं होऊन लवून नमस्कार केला, वर बघताना पाटी वाचली आणि आडनाव कळल्याबरोबर त्यांचा कणा परत ताठ झाला. आमच्या भागात हे कशामुळं होतं ते कुणाला सांगायला नको. मॅडमनी ते बघितलं. त्यांना ते रोज बघायची सवय असावी, त्या सरळ आत आल्या.

"परवानाधारक कोण?"

"मीच की. म्हंजे आमची मंडळी, पन मीच," दाजी म्हणाले.

"त्यांना बोलवा. ताई, तुम्ही इथं बसा." मॅडमनी अक्काला आपल्यासमोरची खुर्ची दिली. त्या दिवाणखान्यातल्या त्या खुर्चीवर अक्का बसलेली मी पहिल्यांदा बघितली. तिथं दाजी बसतात.

दाजींनी कपाट उघडलं आणि किल्लेदारांपासून सुरुवात केली. मॅडमनी पहिली बंदूक घेतली, टॉर्च लावला, भिंग लावलं. दुसरी घेतली. तिसरी घेतली. दाजी बोलत होते, गोरा साहेब घोड्यावर बसला होता.

"हे काय केलंय?" मॅडम म्हणाल्या.

"पॉलिश, मॅडम. राजेशाही चमक हाय का न्हाई?"

"ठसे कुठं आहेत? क्रमांक?"

आता दाजींना घाम फुटला. फेट्याखालून तो कपाळावर आला. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि मग अक्काकडं बघितलं.

"आता घरातल्या बायका, मॅडम. दसऱ्याला भांडी घासत्यात, त्या भरात ह्यापन घासल्या असत्याल. चिंचेनं. हिला काय कळतंय त्यातलं? सांग की गं मॅडमना, घासल्या म्हनून."

मी आजवर दाजींना आळशी म्हटलं, खोटारडे म्हटलं, मूर्ख तर रोजच म्हटलं. त्या क्षणी मला कळलं की हे सगळे कौतुकाचे शब्द होते. स्वतःचं पाप बायकोच्या पदरात टाकताना या माणसाचा आवाजसुद्धा हलला नाही. माझे हात शिवशिवले, आणि हवालदार मध्ये उभा होता म्हणून दाजींचा फेटा डोक्यावर राहिला.

"चिंचेनं निकेल चढत नाही," मॅडम म्हणाल्या आणि वही बाजूला ठेवून अक्काकडं वळल्या. "ताई, नीट ऐका. ठसा काढणं हा गुन्हा आहे. परवाना तुमच्या नावावर, म्हणजे पहिला प्रश्न तुम्हाला येतो. तुमच्या नावानं अहवाल जाईल."

हे ऐकून दाजींच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "मंग त्येच म्हंतोय मी! लायसन तिच्या नावावर हाय. तिलाच इचारा. आपला काय संबंध?"

जिन्यातल्या पोरांनी लॅपटॉप मिटले. एवढ्या वर्षांत दाजींच्या तोंडून परवाना अक्काचा आहे हे कुणी ऐकलं नव्हतं.

अक्कानं पदर नीट केला. "मग मलाच इचारा मॅडम," ती म्हणाली, "आणि मी सांगते तसं लिहून घ्या."

अंगणवाडीत मजुरांच्या पोरांना समजावं म्हणून ती जसं सावकाश, तोडून तोडून बोलते, तसं ती बोलली. कपाटाची चावी यांच्या कमरेच्या करगोट्याला असते, माझ्या हातात कधी दिली नाही. मी कामावर गेले होते तेव्हा यांनी गाडीत घालून नेल्या. मी आल्यावर बघितल्या तेव्हा अशा होत्या. कळवूया म्हटलं तर कळवू दिलं नाही. मी कळवायला हवं होतं, तेवढी चूक माझी, तीही लिहा.

"कुठं नेल्या होत्या?"

"उरवड्याला, गनीभाईंकडं."

मॅडमनी गनीचा मोबाइल नंबर मागितला आणि फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. गनीचा आवाज आला, मागं चाकांची घरघर. "हां, दयानंदच्या नाटकाच्या बंदुका ना? मीच केल्या. का वं, निकेल निघालं का? निघायचं न्हाई, त्याला सांगा, लई चांगलं चढवलंय." मॅडमनी त्याला आपण कोण ते सांगितलं आणि ठाण्यात येऊन जबाब द्यायला सांगितलं. पलीकडं चाक बंद झालं. "आयला, खऱ्या व्हत्या का त्या?" एवढं ऐकू आलं.

"अजून एक लिहा," अक्का म्हणाली. "परवाना माझा हाय ना? तो मला नको. बंदुका पन नकोत. समद्या आजच घेऊन जावा."

"खुळी झालीस का?" दाजी ओरडले आणि कपाटापुढं हात पसरून उभे राहिले. "कुनाच्या बंदुका कुनाला देतीयास? माझ्या हायेत त्या!"

मॅडमचं पेन थांबलं.

"तुमच्या?"

"मंग कुनाच्या?"

"आत्ताच म्हणालात, संबंध नाही. तुमच्या असतील तर विनापरवाना शस्त्रं बाळगल्याचं वेगळं लिहिते, तुम्ही आमच्याबरोबर चला. यांच्या असतील तर त्या जमा करतायत, तुम्ही बाजूला व्हा. कुणाच्या ते एकदा ठरवा."

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी चहा पीत होतो. त्यांनी जिन्याकडं बघितलं, तिथं सगळे भाडेकरू होते, आणि शेजारचा जेसीबीवालाही येऊन उभा राहिला होता.

"तिच्या," दाजी पुटपुटले.

"जबाबात असं चालत नाही. नाव घेऊन, पूर्ण सांगा."

लग्नात घास भरवताना नाव घेतलं असेल तेवढंच. त्यानंतर दाजींनी अक्काला 'अगं' आणि 'ए' यापलीकडं हाक मारलेली नव्हती. हवालदार लिहायला तयार होऊन बसला. दाजींनी कपाटापुढं पसरलेले हात खाली घेतले. मग म्हणाले, "ह्या समद्या बंदुका माझी बायको आशालता हिच्या हायेत. माझ्या न्हाईत."

हवालदारानं ते वाचून दाखवलं आणि दाजींनी खाली सही केली. एक एक बंदूक कापडात गुंडाळून लाखेनं बंद झाली. ठसे काढल्याचा अहवाल दाजींच्या नावानं जाईल, अक्कालाही बोलावतील, पण तिनं आपणहून सांगितलं आणि जमा केलं असं आपण स्पष्ट लिहिलंय, असं मॅडम जाताना म्हणाल्या. तिच्यावर गुन्हा दाखल झाला नाही आणि बढतीचा आदेशही आला, पण हे आम्हाला पुढं कितीतरी दिवसांनी कळलं. त्या दिवशी तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सगळं जाईल असं धरूनच ती बोलली होती.

जीप गेली. पोरं आपापल्या खोल्यांत गेली. दाजी रिकाम्या कपाटासमोर बसले. आतले दिवे चालूच होते. फेटा सोडून त्यांनी मांडीवर घेतला होता. खरं सांगतो, मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही.

अक्का अंगणवाडीला निघाली. तिनं चपला घातल्या, तशी दाजींनी मान वर केली.

"आता लोकास्नी काय सांगू मी?"

"सांगा," अक्का म्हणाली, "बायकोच्या व्हत्या, बायकोनं दिऊन टाकल्या."